आईला पेजेचं विचारा, मामाला उधारीचं

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं एकाच विषयाची निघाली: आईच्या लहानपणच्या ओढाताणीच्या दिवसांची. म्हणून तिन्ही एकत्र घेते.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी म्हापशाला राहते. आईचं माहेर फोंडा तालुक्यातलं, प्रियोळच्या बाजूचं. आता तिनं पंच्याहत्तरी ओलांडली. तिचं बालपण म्हणजे पोर्तुगीज अमदानीची शेवटची वर्षं, भारतानं गोव्याची नाकेबंदी केली होती तेव्हाची. आजोबा त्या वेळी मुंबईला, गिरगावात एका दुकानात नोकरीला होते. माझ्या मुलीला कॉलेजसाठी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची मुलाखत लिहायची होती, म्हणून आम्ही दोघी आईसमोर बसलो. आई एवढंच म्हणाली, "आमकां कांयच उणें नाशिल्लें." (आम्हाला काहीच कमी नव्हतं.) मामा शेजारीच होता, आईपेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा. तो उसळलाच. "उणें नाशिल्लें? उपाशीं न्हिदतालीं आमी!" (उपाशी झोपायचो आम्ही!) शब्दाला शब्द वाढला, मामा जेवता जेवता उठून गेला, आणि तेव्हापासून आई तो विषय काढू देत नाही. त्यात माझा भाऊ म्हणतो की तेव्हा गोव्यात विलायती घड्याळं नि पेनं स्वस्त मिळायची, खाणी जोरात होत्या, कसली उपासमार घेऊन बसलात. आम्ही कुणाचं खरं मानायचं? आणि आईला पुन्हा बोलतं कसं करायचं?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : तिघांचंही खरं माना. घरात शांतता व्हावी म्हणून हे सांगत नाही. त्या वर्षांचा गोवाच असा होता की एका घरातली तीन माणसं तीन गोष्टी सांगतील आणि तिन्ही खऱ्या असतील.

आधी तुमच्या भावाचं बघू. १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीला आणि इतर ठिकाणी निःशस्त्र सत्याग्रही सीमा ओलांडून आत आले. पोर्तुगिजांनी गोळ्या घातल्या, वीसहून अधिक माणसं गेली. त्यानंतर भारत सरकारनं पणजीतली आपली वकिलात बंद केली आणि सीमा आवळली. निर्बंध आदल्या वर्षापासूनच लागू होत होते, पण कॅसलरॉकहून मुरगावला येणारी आगगाडी थांबली तेव्हा गावोगावच्या लोकांना कळलं की आता खरोखरच बंद. आमच्याकडची जुनी माणसं अजून "शीम बंद जाली तेन्ना" अशी गोष्टीला सुरुवात करतात. बेळगावची भाजी, कांदे, मिरची, मुंबईचं कापड, सगळं त्या सीमेवरून यायचं.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याला तर जगाला दाखवायचं होतं की गोवा भारतावाचून जगू शकतो. मग बोटींनी माल येऊ लागला. बटाटे हॉलंडचे, तांदूळ पाकिस्तानातून, चहा सिलोनचा, सिमेंट जपानचं. दाबोळीचा विमानतळ त्याच साली सुरू झाला आणि तिथून कराचीला विमान जायला लागलं. डिचोली, सांगे या पट्ट्यांतल्या खाणींचं लोखंड जपानला जात होतं. पणजी-मडगावच्या दुकानांतून घड्याळं, पेनं, नायलॉनचं कापड लागलेलं असायचं. तुमचा भाऊ म्हणतो त्यात खोटं काही नाही. बाजारात माल होता.

प्रश्न होता तो घ्यायला हातात रोकड कुणाच्या होती याचा. आणि इथे तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला सगळ्यात मोठं वाटतं, जे तुम्ही सहज लिहून गेलात: आजोबा मुंबईला नोकरीला होते.

गोव्यातली किती घरं तेव्हा मुंबईच्या मनीऑर्डरीवर चालायची! गिरगावात, काळबादेवीला, धोबीतलावला, बोटीवर, छापखान्यात, हॉटेलात आमची माणसं होती. इथे शेतीचा तांदूळ काही महिने पुरायचा, पुढचं पोस्टमनच्या हातात. सीमा आवळली तशी ती मनीऑर्डर अडली. नंतर कुणी परवाना काढून येणारा-जाणारा मिळाला तर त्याच्या कनवटीला चार पैसे बांधून यायचे, नाहीतर नाही. म्हणजे बंदरात बटाट्यांच्या गोणी उतरत होत्या त्याच महिन्यात प्रियोळच्या एखाद्या घरातला डबा रिकामा होता. यात विसंगती काहीच नाही. नाकेबंदीबद्दल बोलताना लोक नेहमी वस्तूंबद्दल बोलतात, काय मिळायचं नि काय मिळायचं नाही. माझ्या मते निम्म्या घरांचा त्रास वस्तूंचा नव्हताच, पैशाची वाट तुटल्याचा होता. तुमच्या मुलीनं तिच्या मुलाखतीत दुसरं काही लिहिलं नाही तरी चालेल, पण आजोबांचे पैसे कधी थांबले नि परत कधी सुरू झाले एवढं नक्की लिहावं.

आता मामा आणि आई.

माझी स्वतःची आई सुर्लची. सीमा बंद झाली तेव्हा ती आठ वर्षांची होती. आजोबा मुंबईला छापखान्यात खिळे जुळवायचे. पैसे अडले तसे आजीनं तीन-चार महिने कसेबसे ढकलले, मग ती खाणीवर जायला लागली. तोवर ती घराबाहेर कामाला कधी गेलेली नव्हती. सुर्ल-पाळीच्या बाजूला तेव्हा खाणी वाढत होत्या. यंत्रं थोडी आणि माणसं फार, त्यात बायका पुष्कळ. दगड फोडायचा, डोक्यावर पाट्या वाहायच्या, पुढे तो माल बार्जमधून मांडवीनं मुरगावला. आजी तांबडं फुटायच्या आत निघायची आणि मागे घर आईच्या हाती. घरात आईची अंथरुणावरची पणजी, मधला भाऊ आणि पाळण्यातली माझी मावशी.

पेज कशी व्हायची ते आईनं मला इतक्यांदा सांगितलं आहे की मी ती स्वतः शिजवल्यासारखी सांगू शकते. उकडा तांदूळ आजी रात्रीच मापून ठेवायची, नारळाच्या करटीनं. करटीच्या आतल्या बाजूला सुरीनं एक रेघ मारलेली होती. आधी तांदूळ रेघेच्या वरपर्यंत असायचा, ज्येष्ठात रेघेला आला, आषाढात रेघेच्या खाली गेला. आईला आकडे येत नव्हते, पण घरची स्थिती तिला त्या रेघेवरून कळायची. मातीच्या बुडकुल्यात पाणी उकळलं की तांदूळ सोडायचा. शितं फुटायला लागली की वरची निवळ काढून, मीठ घालून, थंड करून बाळाला. मग आणखी शिजवून पणजीला मऊ शितं. मग भावाला. तळाची घट्ट पेज केळीच्या पानानं झाकून बाजूला, ती आजीची, कारण पाट्या तिला वाहायच्या असायच्या. राहिलेली पातळ पेज आईची. बरोबर लोणच्याची फोड, नाहीतर आमसुलाचं पाणी. अंगणापलीकडे तायकिळा, म्हणजे टाकळा, उगवला की त्याची भाजी, ओल्या खोबऱ्याऐवजी भाजलेल्या बिकणांची, फणसाच्या आठळ्यांची, भरड घालून. सगळ्यांत आधी कोवळा तायकिळा कुठे फुटतो ते आईला ठाऊक असायचं, आणि हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर इतका अभिमान असायचा की ऐकणाऱ्याला वाटावं हिनं बालपणभर मजाच केली.

तुमची आई "उणें नाशिल्लें" म्हणते त्यात हाही भाग असणार. सहा-सात वर्षांच्या मुलीला रानातली भाजी ही गरिबीची खूण वाटत नाही. कणगां, माडी असली कंदमुळं उकडून खाल्ली तर तिला ती खाऊसारखीच लागते.

मामाचं वेगळं. तो तेरा-चौदा वर्षांचा असेल, थोरला मुलगा, बाप परगावी. पसऱ्यावर, म्हणजे गावच्या दुकानात, उधारीची वही घेऊन कुणाला पाठवत असतील? त्यालाच. पसरकार, म्हणजे दुकानदार, चार गिऱ्हाइकांसमोर वहीची पानं उलटून म्हणणार, मागलं फेडा आणि मग न्या. रिकामी पिशवी घेऊन घरी येणारा मुलगा आणि चुलीपाशी बसून वाट बघणारी त्याची धाकटी बहीण यांच्या आठवणी एक कशा असतील? घरी आल्यावर आईनं, म्हणजे तुमच्या आजीनं, काहीतरी करून धाकट्यांच्या पोटात घातलं असेल आणि थोरल्याला सांगितलं असेल की तू आता मोठा झालास. "उपाशीं न्हिदतालीं" हे त्याच्यापुरतं अक्षरशः खरं असू शकतं. म्हणून मामाला पेजेचं विचारू नका, त्याला उधारीचं विचारा. पसरो कुणाचा होता, वही कशी होती, महिन्याच्या शेवटी फेड कशानं व्हायची, सुपारीनं, काजूंनी, की बांगडी मोडून? मला वाटतं तो बोलेल. इतकी वर्षं त्याला हे कुणी विचारलेलंच नसावं, आणि राग आला तो त्याचाच.

आणखी एक गोष्ट पत्रात दिसत नाही, पण विचारायला हवी: कुठल्या महिन्याबद्दल बोलताय? आपल्याकडे टंचाई वर्षभर सारखी कधीच नसते. कार्तिकात भात घरात येतं, मग जत्रा, शिगमो, काजू, फणस, आंबे. खरा घोर मे महिन्यात लागतो, पुरुमेताच्या वेळी. पावसाच्या चार महिन्यांचं मीठ, मिरची, सुकी मासळी, आमसुलं, चिंच, रॉकेल, जळाऊ लाकडं हे सगळं मिरगाआधी घरात यायला हवं आणि त्यासाठी एकरकमी पैसा लागतो. ज्या घरी तो पैसा मुंबईहून यायचा त्या घराचं पुरुमेत १९५६ च्या मे महिन्यात कसं भरलं असेल याचा विचार करा. आई सांगते ते फाल्गुन-चैत्राचं असेल, मामा सांगतो ते आषाढाचं. महिना धरून विचारलंत तर दोघांचं भांडण बरंचसं आपोआप मिटेल.

तांदूळ कुणाच्या शेतातला तेही विचारून घ्या. शेत स्वतःचं होतं, कोमुनिदादीचं (गावकीचं सामाईक) होतं, देवस्थानचं होतं, की भाटकाराचं, म्हणजे जमीनदाराचं? घरातल्या कणगीत किती भात राहायचं ते यावर ठरायचं. कुळांना कायद्याचा आधार मिळाला तो मुक्तीनंतर, १९६४ च्या कूळ कायद्यानं. मुंडकारांचा, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांचा, कायदा आला १९७५ ला. तोवर खंड घातल्यावर उरेल ते आपलं. नाकेबंदी नसती तरी अशा घरांत श्रावणात हात आखडताच असायचा, हे तुमच्या भावानंही ऐकावं.

आता थोडं नाजूक. तुमच्या आईच्या त्या एका वाक्यामागे आजोबा असू शकतात. मुंबईचे पैसे थांबले ते सीमेमुळे, पण काही घरांत वाट मोकळी झाल्यावरही ते पूर्वीसारखे सुरू झाले नाहीत. कुणाची नोकरी गेली, कुणी तिकडे कर्जात बुडाला, कुणी तिकडे दुसरं घर केलं. घरातल्या बायकांनी हे मुलांपर्यंत येऊ दिलं नाही. आमच्या आजीनं मरेपर्यंत आजोबांबद्दल वावगा शब्द खपवून घेतला नाही. आजोबा १९६२ च्या उन्हाळ्यात घरी आले तेव्हा तिनं सगळ्या मुलांना ओळीनं पाया पडायला लावलं, आणि मधल्या साडेसहा वर्षांचा हिशेब त्यांच्यासमोर कधी काढला नाही. काय उणं होतं ते आईनंही त्यांच्या हयातीत कधी सांगितलं नाही. तुमची आई आपल्या वडिलांची बाजू राखून असेल तर तिला तसं राहू द्या. मामा कदाचित ती राखू शकत नाही. नातीच्या कॉलेजच्या वहीसाठी हे उकरायला जाऊ नका. पेजेचं विचारा, करटीचं विचारा, तायकिळ्याचं विचारा. मधेच ती आपल्या आपण आजोबांवर आली तर तुम्ही काही न बोलता ऐकून घ्या.

घरातलं कुणी चळवळीत असेल तर गप्प राहण्याचं कारण आणखी निराळं. ज्यांच्या घरचं माणूस आग्वादच्या तुरुंगात होतं त्या घरांतल्या मुलांना बाहेर काय बोलायचं नाही हे पाढ्यांच्या आधी शिकवलेलं होतं. ती सवय म्हातारपणीही सुटत नाही.

कसं विचारायचं? दोघांना एकत्र बसवून तर मुळीच नको. फोन समोर ठेवून, "आजी, तेव्हा तुला काय वाटायचं?" असंही नको. या पिढीला तसं कुणी विचारलेलं नाही, उत्तर "कांयच ना" एवढंच येणार. तांदूळ निवडत असेल, बिकणां सोलत असेल तेव्हा मुलीनं शेजारी बसून हाताला हात लावावा आणि वस्तूंचं विचारावं. दिव्यात काय घालायचे? परकर कशाचा शिवलेला? सणाला गोड काय व्हायचं, आणि ज्या वर्षी झालं नाही त्या वर्षी काय सांगून वेळ मारून नेली? साल आठवत नसेल तर नाण्यांवरून लागतं. १९५८-५९ च्या सुमारास जुन्या रुपयाच्या जागी एस्कुद आला, एका रुपयाला सहा. पसऱ्यावर रुपये आणि तांगे (रुपयाची जुनी सुटी नाणी) दिले की एस्कुद, एवढं सांगितलं तरी आधीचं कुठलं नि नंतरचं कुठलं हे कळतं.

लिहिताना दोघांचं जुळवून एक गोष्ट करू नका. आईचं आईच्या नावानं, तेव्हाचं तिचं वय घालून. मामाचं मामाच्या नावानं, त्याचं वय घालून. शेजारी शेजारी.

नाकेबंदी बरोबर होती का, असं तुमची मुलगी विचारेल. माझं मत सांगते. सालाझार बोलायला तयार नव्हता आणि भारताला तेव्हा सैन्य घालायचं नव्हतं, म्हणून हा मार्ग काढला गेला. १९ डिसेंबर १९६१, गोवा मुक्त झाला तो दिवस, आम्हाला हवाच होता, त्याबद्दल माझ्या मनात कधी शंका नव्हती. पण त्या सहा वर्षांचा भार सालाझारवर पडला नाही आणि आयात करणाऱ्या मोठ्या पेढ्यांवरही पडला नाही. तो पडला मुंबईकडे डोळे लावून बसलेल्या आणि सीमेलगतच्या गावांतल्या बायकांवर. मुक्तीच्या इतिहासात सत्याग्रहींची नावं दगडावर कोरलेली आहेत, तो मान त्यांचाच. या बायकांचं मात्र पुस्तकात एक पानही नाही, आणि त्यातली शेवटची मुलं आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. मला याचं फार वाटतं. म्हणून मुलाखत या महिन्यातच घ्या.

आईच्या शाळेचंही विचारायला विसरू नका. माझ्या आईची शाळा म्हणजे देवळाच्या चौकातली मास्तरांची खाजगी मराठी शाळा, ती आजी खाणीवर जायला लागली त्या आठवड्यात सुटली. १९६३ ला गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांचं सरकार आलं, गावोगाव सरकारी मराठी शाळा निघाल्या, आणि पाळण्यातली ती मावशी त्या शाळेत गेली, पुढे शिक्षिका झाली. आई सोळा वर्षांची होऊन बसली होती. दोघी सख्ख्या बहिणी, आणि मावशीची पत्रं आईला आम्ही वाचून दाखवायचो.

प्रश्न : ताई, माझी आई सांकवाळची, वय नव्वदच्या पुढे. ती सांगते की "झुजाच्या वेळार" भात मिळत नव्हतं, घरात रोज नाचणी असायची, तांदूळ फक्त आजारी माणसाला. झूज म्हणजे १९६१ ची लढाई असं आम्ही समजत आलो आणि तिला तसं म्हटलं की ती चिडते. वयामुळे तिचा गोंधळ होतो का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : गोंधळ तिचा नाही. १९६१ ची लढाई दोन दिवसांत संपली, तिच्यात रोज नाचणी खायची वेळ कुणावर आली नाही. ती सांगते आहे ते दुसऱ्या महायुद्धाचं. पोर्तुगाल त्या युद्धात तटस्थ होता, गोव्यावर बॉम्ब पडले नाहीत, म्हणून आपण ते आपलं समजतच नाही. पण गोव्याचा तांदूळ गोव्याला कधी पुरला नाही. तूट भरायची ती बरीचशी ब्रह्मदेशाच्या तांदळानं. १९४२ च्या मार्चमध्ये रंगून जपानच्या हातात गेलं आणि तो तांदूळ बंद झाला. मोजून मिळायला लागला. तेव्हा ज्यांच्या घरात वरकस जमिनीतली नाचणी, कुळीथ होते त्यांनी ते खाल्ले. नव्हते त्यांनी कंदमुळं काढली. तुमच्या आईच्या घरी नाचणी रोज होती म्हणजे कुणीतरी डोंगरउतारावर शेती करत असणार, तेही विचारून ठेवा. आणि तांदूळ आजारी माणसापुरता राखला जात होता, तर त्या घरी आजारी कोण होतं, हेही.

सांकवाळ मुरगाव बंदराच्या जवळ, म्हणून तुम्हाला तारीख लावायला एक पक्की खूण आहे. युद्ध सुरू झाल्यापासून बंदरात जर्मन जहाजं आसरा घेऊन होती. ९ मार्च १९४३ च्या रात्री इंग्रजांच्या माणसांनी चोरून येऊन त्यातल्या एका जहाजावर हल्ला केला. जर्मन खलाशांनी आपली जहाजं आपणच पेटवून बुडवली, इटालियन जहाजही गेलं. त्या बाजूच्या गावांना तो उजेड दिसला असणार. आईला विचारा, बंदरात आग लागली ती आठवते का, आणि तेव्हा घरात नाचणी सुरू झालेली होती का. १९६१ चं तिला वेगळं आठवत असेल. दाबोळीच्या धावपट्टीवर भारताच्या विमानांनी बॉम्ब टाकले तेव्हा ती पंचविशीच्या आसपासची बाई होती, कदाचित कडेवर मूल घेतलेली. ते तिनं मिसळलेलं नाही. आपण मिसळतो आहोत, आणि ती चिडते ते बरोबर आहे. पुढल्या वेळी "कुठली झूज?" असं न विचारता "तुझे आई-बाबा तेव्हा काय करायचे?" असं विचारा.

प्रश्न : आईच्या आठवणी लिहायला घेतल्या, पण तिची जन्मतारीखच नक्की नाही. शाळेच्या कागदावर एक, ती सांगते ती दुसरी, "पावसाळ्यात, चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आदल्या आठवड्यात". वय कळलं नाही तर कुठल्या वर्षाचं सांगते तेच कळत नाही. गोव्यात हे कुठे बघायला मिळेल?
— एक वाचक, साखळी

उत्तर : शाळेच्या कागदावर फार विसंबू नका. शाळेत घालताना वय सोयीनं लिहीत. पोर्तुगीज काळात नागरी नोंदणी होती, हिंदूंचीही, १९१४ पासून. तालुक्याच्या नोंदणी कार्यालयात आधी चौकशी करा. जुनी पुस्तकं पणजीच्या पुराभिलेख खात्याकडे आहेत. मागायची ती संपूर्ण नोंदीची नक्कल, जिला कार्यालयात तेओर म्हणतात. नुसत्या छोट्या दाखल्यावर समाधान मानू नका. पूर्ण नोंदीत आई-वडिलांबरोबर आजी-आजोबांचीही नावं सापडतात, आणि कित्येकांना पणजीचं नाव पहिल्यांदा तिथे कळतं. "चवथीच्या आदल्या आठवड्यात" हे मात्र टाकून देऊ नका. एक-दोन संभाव्य सालांची जुनी पंचांगं घेऊन चवथ कधी होती ते बघा आणि नोंदीतल्या तारखेशी ताडून पाहा. तारीख जुळत नसेल तर लक्षात ठेवा, नोंद करायला माणूस कधी कधी उशिरा जायचा.

नोंद पोर्तुगीजमध्ये आणि हातानं लिहिलेली असेल, जुनं अक्षर वाचणारं कुणी बरोबर न्या. नावं शोधताना आजच्या स्पेलिंगनं शोधू नका. श-कार असलेली नावं एक्सखाली सापडतील, शंकर, शांता, शाबा सगळे. आडनावं तर ओळखूच येत नाहीत. शेणई सिनाय होतात, कामत कामोतिम, आणि प्रभू सापडत नसतील तर पोरोबो बघा.